आतली कोरी बाजू

उजव्या पायाच्या घोट्याचे हाड मोडल्यामुळे मी सहा आठवडे घरात अडकून पडलो होतो, आणि त्या काळात खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून रोज संध्याकाळी सातच्या सुमारास स्टीलचा एक डबा वर येत असे. डब्यात पोळ्या, भाजी, आमटी. आणि डबा कोणीही आणला तरी त्याच्याबरोबर काकूंचा ठरलेला निरोप : ‘आज भाजी जरा अळणी झालीय, सांभाळून घे.’ प्लॅस्टर निघाल्यावर काठी टेकत मी खाली गेलो आणि त्यांचे आभार मानू लागलो, तेव्हा त्या चक्क रागावल्या. ‘आभार परक्यांचे मानतात. डबा तेवढा आणून दे, आणि रिकामा आणू नकोस.’

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मराठीत आभार हा व्यासपीठावरचा शब्द आहे. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला कोणीतरी उभा राहतो, ‘मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो’ असे म्हणतो, आणि तोवर निम्मा श्रोतृवृंद चपला शोधायला निघालेला असतो. घरात हा शब्द उच्चारला की समोरच्याला उगाचच आपण पाहुणे झाल्यासारखे वाटते. डब्यात घालायला मी नारळाच्या वड्या ठरवल्या होत्या, पण वड्या दोन दिवसांत संपतात. त्यांच्याबरोबर जाईल आणि तोंडाने बोलावे लागणार नाही असे काहीतरी मला हवे होते. म्हणून भेटकार्ड.

साहित्य घरातच होते. पुतणी परगावी शिकायला जाताना शाईचे पॅड, उष्णतेने वितळणाऱ्या पावडरच्या डब्या आणि ती वितळवायला गरम हवा सोडणारी हीट गन असा सगळा संसार एका खोक्यात भरून माझ्या माळ्यावर ठेवून गेली होती. ‘काका, हवं तर वापर, पण पॅडांची झाकणं लाव,’ एवढीच तिची अट होती.

पहिली चूक कागदाची झाली. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मी पूर्वी हौसेने कागद आणले होते. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते, आणि तो हातात घेतला की त्याच्यावर काही करू नये, नुसता तो द्यावा, असे वाटते. तेच करायला हवे होते. पाण्यातली शाई त्याच्यावर टेकताच जिथल्या तिथे शोषली गेली आणि पिवळ्यात नारिंगी मिसळण्याऐवजी दोन्ही रंगांचे वेगवेगळे ठिपके उमटले. शाईला कागदावर थोडे सरकायला वाव लागतो. त्यासाठी गुळगुळीत, घट्ट कार्डशीट हवी. शेवटी 300 जीएसएमची, म्हणजे चांगली जाड, साधी पांढरी ए-फोर शीट आणली आणि आडवी मधोमध कापली. एका तुकड्याच्या मध्यावर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढून घडी घातली, की 148 बाय 105 मिलिमीटरचे कार्ड तयार होते. रेघ न ओढता घडी घातली तर जाड कागद कडेला फुटतो.

मग शब्द. बाजारातल्या शिक्क्यांवर ‘थँक यू’ होते, आणि काकूंना इंग्रजीत धन्यवाद देणे म्हणजे त्यांच्या आमटीला सूप म्हणण्यासारखे होते. कोपऱ्यावरच्या रबरी शिक्केवाल्याकडे गेलो. त्याच्या भिंतीवर ‘प्राप्त’, ‘सचिव’, ‘खरी नक्कल’ यांचे नमुने लावलेले. ‘आभार’ एवढेच हवे, असे म्हटल्यावर त्याने विचारले, ‘कुठल्या सोसायटीचा?’ सोसायटी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना, आणि किमान खाली तारखेला जागा तरी सोडू का, अशी त्याने पृच्छा केली. मूळ विचार ‘धन्यवाद’चा होता; परंतु पावडर वितळली की ती अक्षराबाहेर किंचित पसरते, आणि त्या आकारात ‘न्य’मधली बारीक फट बुजून गेली असती. ‘आभार’मध्ये काय ती ‘भ’ची गाठ सांभाळायची, बाकी मोकळी वळणे, उभ्या रेघा आणि वर भक्कम शिरोरेघ.

पावडर वितळवून अक्षर उठवण्याच्या या कृतीला एम्बॉसिंग म्हणतात, पण खरे एम्बॉसिंग म्हणजे दोन साच्यांत दाबून कागदालाच उठाव आणणे. इथे कागद सपाटच राहतो आणि त्याच्यावर राळेसारखा पदार्थ वितळवून अक्षर उचलले जाते. लग्नपत्रिकेवर बोट फिरवल्यावर नावे हाताला लागतात, त्यांतल्या पुष्कळ पत्रिकांची छपाई याच जातीची असते : ओल्या शाईवर पूड, मग उष्णता.

आधी कार्डावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवला, नाहीतर पूड नको तिथे चिकटते. मग शिक्का रंगहीन, चिकट शाईच्या पॅडवर टेकवून कार्डावर दाबला. उचलला, तर कागदावर काहीच नव्हते. तिरके धरले तेव्हा कुठे ओलसर चकाकी दिसली. तिच्यावर पांढरी पूड भरभरून ओतली आणि कार्ड उभे करून मागून टिचकी मारली. जादा पूड खालच्या घडीच्या कागदावर उतरली आणि डबीत परत गेली. रांगोळी घालतानाही इतकी काटकसर कोणी करत नाही.

हीट गन त्या दिवशी सापडेना म्हणून पहिल्या कार्डावर मी केस वाळवायचे यंत्र धरले होते. त्याला वारा फार आणि ऊब कमी, त्यामुळे पूर्ण ‘आभार’ माझ्या चादरीवर उडून गेला. हीट गन मिळाल्यावर ती कार्डाच्या खालून धरली. दहाएक सेकंद काहीच घडत नाही आणि माणूस अधीर होतो. मग ‘आ’च्या काठावर पिठीसाखरेसारखे दिसणारे कण एकाएकी एकमेकांत मिसळतात, ओली चकाकी येते, आणि ती चकाकी शिरोरेघेवरून सरकत ‘र’पर्यंत पोहोचते. तिथे थांबायचे. मोहापायी आणखी तापवले तर अक्षर बसते, तेलकट होऊन कागदात मुरते. माझी दोन कार्डे त्या मोहात गेली.

आता पांढऱ्या कार्डावर पांढरे अक्षर होते, म्हणजे नसल्यासारखेच. ते दिसण्यासाठी भोवती रंग हवा. रंग मिसळायला मी दाढीचा नवा कोरा ब्रश वापरला, आणि पुतणीच्या खोक्यातल्या महागड्या ब्रशांपेक्षा तो चांगला चालला, हे तिला अद्याप सांगितलेले नाही. ब्रश पॅडवर टेकवून थेट कार्डावर आणला तर डाग पडतो, म्हणून बाहेरच्या रद्दी कागदावर गोल फिरवायला सुरुवात करायची आणि तसेच फिरवत कार्डावर शिरायचे. खाली पिवळा, वर नारिंगी, त्याच्यावर राणी रंग, आणि सर्वांत वर निळा. फिक्याकडून गडदाकडे. नारिंगीला निळा थेट भिडवला तर चिखल होतो. मध्ये राणी असला की दोघांत जांभळी तडजोड होते. पावडरीच्या अक्षराला शाई धरत नाही. शेवटी कोरड्या फडक्याने ‘आभार’ पुसला, आणि संध्याकाळच्या सातच्या आभाळात तो पांढराशुभ्र निघाला. सातची वेळ मी मुद्दाम योजली होती, असे आता म्हणतो. खरे तर पॅड तेवढेच ओले राहिले होते.

तीन संध्याकाळी आणि सहा कार्डे खर्ची पडून हे एक साधले. वड्यांवर बटर पेपर, त्याच्यावर कार्ड, आणि वर झाकण, असा डबा घेऊन मी खाली गेलो.

काकूंनी चष्मा लावला. अंगठा शिरोरेघेवरून एकदा इकडून तिकडे आणि मग परत फिरवला. ‘लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून करून घेतलंस?’ मी घरी केले म्हटल्यावर त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला, कार्ड उघडले, आणि उलटसुलट करून पाहिले.

‘अरे, आत काहीच लिहिलं नाहीस.’

खरेच लिहिले नव्हते. पावडर आणि शाई यांच्या नादात ती बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. मी त्यांच्या फोनशेजारचे, सिलिंडरच्या तारखा लिहायचे पेन घेतले, ते दोनदा झटकले, आणि काठी भिंतीला टेकवून उभ्यानेच लिहिले : ‘भाजी एकाही दिवशी अळणी नव्हती.’