सोलापुरात सेल्फ ड्राइव्ह गाडी: देवदर्शन आणि काउंटरवरचा ‘प्रोटेक्शन प्लॅन’

सोलापुरात मुक्काम ठेवून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करायचं असेल तर भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवणं सगळ्यात सुटसुटीत. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, अक्कलकोट चाळीसच्या आतबाहेर, पंढरपूर सत्तरच्या थोडं पुढे आणि तिन्ही तीन दिशांना. एसटी भरपूर आहेत, पण सोबत गुडघे धरून चालणारे आईबाबा असले की स्टँडवरची चढउतार नकोशी होते. ड्रायव्हरसकट गाडी केली तर दर्शनाची रांग लांबली की तो घड्याळ बघायला लागतो. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलो, सात रस्त्याजवळच्या हॉटेलात सामान टाकलं आणि गाडी ताब्यात घ्यायला गेलो.

गाडी आधीच ऑनलाइन ठरवलेली, भाडं आणि पाच हजारांचं डिपॉझिट भरलेलं. म्हणजे सही करायची, चावी घ्यायची, एवढंच काम. पण काउंटरवरच्या मुलाने टॅब पुढे सरकवला आणि म्हणाला, “सर, तुम्ही प्रोटेक्शन घेतलेलं दिसत नाही.” रोजचे चारशे नव्वद. नको म्हटलं. मग उसाच्या ट्रॉल्या निघाल्या, अक्कलकोट रोडचे ट्रक निघाले, गेल्याच आठवड्यात कुणा गिऱ्हाइकाला चाळीस हजार भरावे लागल्याची गोष्ट निघाली. तरीही नको म्हटल्यावर पठ्ठ्या माझ्याकडे बघायचंच थांबला आणि आईकडे वळला. “काकू, तुम्हीच सांगा की ओ यांना. देवाला निघालाय, कशाला डोक्याला ताप?” बाबांचा हात तोवर खिशात गेलेला होता. टॅबवर ‘हो, मला सुरक्षित राहायचंय’ हे ठसठशीत हिरव्या बटणावर आणि त्याखाली ‘नाही, मी धोका पत्करतो’ हे फिकट राखाडी अक्षरांत, चष्म्याशिवाय दिसू नये असं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पण नकार देणाऱ्याला लाजवणारी अशी वाक्यं स्क्रीनवर टाकणं हा आता नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीनवरच्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत असे तेरा प्रकार दिलेत, आणि ग्राहकाला लाजवण्याच्या प्रकाराचं उदाहरण म्हणून विमा न घेणाऱ्यापुढे येणारं ‘मी असुरक्षित राहीन’ छापाचं वाक्यच दिलं आहे. न विचारता बिलात एखादी वस्तू घुसडणं हाही त्या यादीतला एक प्रकार. ऑनलाइन बुकिंग करताना आधीच टिक केलेले चौकोन म्हणूनच नीट बघा.

आता मूळ मुद्दा. काउंटरवर मिळतो तो बहुतेक वेळा विमा नसतोच. विमा विकायला विमा नियामकाचा परवाना लागतो, तो विमा कंपन्यांकडे, त्यांच्या एजंटांकडे किंवा ब्रोकरकडे असतो. गाडी भाड्याने देणारा जे विकतो ते एक आश्वासन असतं: गाडीला काही झालं तर अमुक रकमेच्या वर तुमच्याकडून घेणार नाही. गाडीचा विमा तर आधीच उतरवलेला असतो, असायलाच हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे समोरच्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याशिवाय, गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे ‘प्रोटेक्शन घेतलं नाही तर समोरच्याला लागल्यावर तुम्हीच अडकाल’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे पॉलिसीची प्रत मागा. आमच्या पठ्ठ्यानेही हे वाक्य टाकून पाहिलं. प्रत मागितल्यावर आवाज खाली आला.

प्रत हाती येण्याआधीच नंबरप्लेट बघून अर्धी परीक्षा होते. सेल्फ ड्राइव्हसाठी नोंदवलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती कुणी ‘ओळखीतली आहे, स्वस्तात देतो’ म्हणून भाड्याने देत असेल तर शंभर रुपये कमी पडले तरी घेऊ नका. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देण्याची मुभा नसते आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच कलम पुढे करते. नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर विम्याची आणि फिटनेसची मुदत तपासता येते. उभ्या उभ्या होणारं काम आहे.

अमेरिकेतला आमचा एक चुलतभाऊ फोनवर सांगत होता, “काही घेऊ नकोस, आपल्या स्वतःच्या पॉलिसीत भाड्याची गाडी येते.” तिकडे पुष्कळदा येते, क्रेडिट कार्डावरही मिळतं. आपल्याकडे मोटार विमा त्या गाडीला चिकटलेला असतो, चालवणाऱ्याला नाही. पुण्यात दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीची पॉलिसी सोलापुरातल्या भाड्याच्या गाडीला काडीची उपयोगी नाही. पंधरा लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षणही ‘मालक-चालका’साठी असतं, म्हणजे भाडेकरू त्यात नाही. स्वतःच्या जिवासाठी वेगळी अपघात पॉलिसी वर्षभराची काढून ठेवलेली बरी.

मग गाडीच्या नुकसानाचे पैसे आपल्याकडून का घेतात? कारण बंपर. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारी जोड) नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, वर प्रत्येक क्लेमला ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. म्हणून बारीकसारीक डेंट कंपनी विम्याकडे नेतच नाही, डिपॉझिटमधून वळते करते. हा त्यांचा हिशोब समजला की आपला सोपा होतो. मी एकच प्रश्न धरून बसलो: प्लॅन न घेता जास्तीत जास्त किती भरावं लागेल, आणि ते करारात कुठे लिहिलंय? आमच्या करारात कमाल दहा हजार होते. प्लॅन घेतला तरी टायर, काच, गाडीची खालची बाजू आणि हरवलेली चावी बाहेरच. सोलापूरच्या बाजूला नुकसान होणार ते टायरचं आणि खालच्या बाजूचंच! घेतला नाही.

तरी सरसकट ‘घेऊच नका’ म्हणणार नाही. करारात कमाल रकमेचा उल्लेखच नसेल, किंवा गळिताच्या हंगामात रात्री पंढरपूरहून परतायचं असेल, तर विचार करा. त्या ट्रॉल्यांच्या मागे अनेकदा दिवा नसतो की रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. मुलगा घाबरवत होता ते खरंच होतं, फक्त त्याचा प्लॅन त्यावरचा उपाय नव्हता. अंधार पडायच्या आत सोलापूर गाठा, हा फुकटचा प्लॅन.

नकार देताना कारणं सांगू नका. ‘मी गाडी चांगली चालवतो’ म्हणालात की समोरचा चुकतो त्याच्या गोष्टी सुरू होतात. ‘मला नकोय, करारात तसं लिहा’ हे एकच वाक्य तितक्याच आवाजात पुन्हा म्हणायचं. आणि घरच्या मोठ्यांना काउंटरवर नेऊच नका, पार्क चौकात कुठेतरी नाश्त्याला बसवा.

चावी घेण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. उजेडात, सावकाश, न तोडता. आमच्या गाडीला डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर बोटभर ओरखडा होता आणि स्टेपनी गुळगुळीत. दोन्ही त्यांच्या कागदावर नव्हतं, लिहून घेतलं. डॅशबोर्डवरचं इंधन, किलोमीटर आणि फास्टॅगची शिल्लकही त्यातच टिपा. गाणगापूर किंवा विजापूर करणार असाल तर गाडीला कर्नाटकात जायची परवानगी आहे का, हे करारावर लिहूनच घ्या. तोंडी ‘जावा की’ला अर्थ नाही.

रस्ते: तुळजापूरचा आणि विजापूरचा महामार्ग उत्तम. कसोटी लागते ती आतल्या रस्त्यांवर. आम्ही वाट वाकडी करून हत्तरसंग कुडलला गेलो, भीमा आणि सीनेच्या संगमावर. एकाच शिळेत कोरलेलं बहुमुखी शिवलिंग बघण्यासाठी तरी जाच. तिथेच शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, ‘वाछि तो विजेया होईवा’, वाचेल तो विजयी होईल. करारपत्राच्या पहिल्या पानावर छापावं असं वाक्य. बायको म्हणाली, आता देवळात तरी तो विषय पुरे.

गाडी परत करताना त्याच मुलाने टॉर्च घेऊन बंपरखाली वाकून पाहिलं आणि मागचा ओरखडा दाखवलाच. व्हिडिओ दाखवला, विषय संपला. ‘नुकसान नाही’ असं लिहून सही घेतल्याशिवाय चावी सोडू नका, कारण दोन दिवसांनी फोन येतो तो सही न घेतलेल्यांना. डिपॉझिट अडकवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, करार आणि व्हिडिओ हाताशी ठेवून. आमचं परत आलं, टोलचे पैसे वजा होऊन.