चंदेरी वॅगनआर

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर माझं गॅरेज आहे. जुनी गाडी घेण्याआधी लोक मला 'जरा नजर टाका' म्हणून नेतात. त्या शनिवारी कवठेमहांकाळचे एक निवृत्त गुरुजी आले. "बाळ, एकदाच घेणार. माझ्या हयातीत दुसरी घ्यायची नाही."

एजंटाकडं चंदेरी वॅगनआर होती. २०१७ ची, पेट्रोल, रनिंग २८ हजार. "डॉक्टरची गाडी आहे," तो म्हणाला. (एजंटांकडच्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात.) पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडावा. इंजिन एका सेल्फला सुरू. त्याला टायमिंग चेन, म्हणजे जुन्या सॅन्ट्रोसारखा बेल्ट बदलायचा खर्च नाही. धूर नाही, क्लच हलका. गुरुजींनी चेकबुक काढलंसुद्धा.

मला खटकला तो वास. डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या दोन बाटल्या, आणि त्यांच्या आडून ओल्या गोणपाटाचा वास. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. एवढा कुणी ओढत नाही, गाडी धुणारेही नाहीत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. तो रंग मला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागात मेव्हण्याच्या घरातनं असलाच गाळ आम्ही आठवडाभर फावड्यानं काढत होतो.

मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. सीटच्या रुळांना गंज, स्टेपनीखाली वाळलेल्या चिखलाची पापडी, फ्यूजबॉक्सजवळच्या कनेक्टरची टोकं हिरवी. इंजिनात पाणी शिरलं तर खोलून धुता येतं. वायरिंग मात्र आतल्या आत सडत जातं. आज हॉर्न, सहा महिन्यांनी पॉवर स्टेअरिंग, मग एक दिवस गाडी भर रस्त्यात बंद.

"गुरुजी, चेकबुक आत ठेवा."

एजंट चिडला. "अहो, त्या साली सांगलीत कुणाच्या गाडीत पाणी गेलं नाही?" तेही खोटं नव्हतं म्हणा. पण मग किंमत तशी सांगायची, आणि डॉक्टरला मधे आणायचं नाही.

महिन्याभरानं मिरजेच्या एका कंडक्टरची वॅगनआर मिळाली. २०१५ ची, ७१ हजार रनिंग, मागच्या दाराला पोचा. पण सर्व्हिसिंगची सगळी बिलं पिशवीत, तारखेनं लावलेली. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलेला. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंत. पुढं गाडी फिटनेसला पास झाली तर पाच वर्षं वाढते. गुरुजींचा जीव त्या पोच्यात अडकलेला. म्हटलं, राहू दे तसाच, ते पैसे टायरला घाला.

त्याच आठवड्यात गणपती मंदिरापाशी ती चंदेरी गाडी दिसली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, मागं दोन पोरं काचेला नाक लावून. मी स्कूटर थांबवली. हाक मारायला तोंड उघडलं, पण म्हणणार काय होतो? गाडी टिळक चौकाकडं वळली.