दिवस मावळल्यावरची झडती

निकाल लागून तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. गांजाची केस, आरोपी निर्दोष सुटला. पंचनामा माझ्या हातचा.

डिसेंबर महिना, नवे फौजदारी कायदे यायच्या आधीचा, म्हणजे झडतीचं शूटिंग तेव्हा सक्तीचं नव्हतं. पावणेपाचला खबर आली की नाशिकच्या पंचवटीत एका खोलीत माल उतरलाय आणि रात्रीच हलणार. खबर लिहून घेतली, वरिष्ठांना पाठवली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि पंच शोधायला निघालो. पंच म्हटलं की दुकानदार शटर ओढतात, आणि पोलीस काही करत नाहीत म्हणून बोलणारे पण तेच, याचा मला मनापासून राग आहे. शेवटी एका सरकारी ऑफिसातले दोघं सुटताना मिळाले, त्यातला एक मुलीला क्लासला सोडून मग आला. खोलीत शिरलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

वजन भरलं २१ किलो ४०० ग्रॅम. गांजा २० किलोच्या वर गेला की कमर्शियल, म्हणजे व्यापारी प्रमाण, कमीत कमी १० वर्षं. सीलिंगला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पंचांना आधी रिकामा काटा शून्यावर दाखवायचा, मग पोतं चढवायचं, तोंड शिवायचं, लेबलवर पंचांच्या आणि झडती घेणाऱ्या साहेबांच्या सह्या, आणि लाख अशी ओतायची की दोऱ्याची गाठ पूर्ण बुडाली पाहिजे, ती गार व्हायच्या आत मोहोर दाबायची. कोर्टात पोतं आलं तेव्हा मोहोर जशीच्या तशी होती, जजसाहेबांनी जवळून बघितली.

आरोपीच्या वकिलांनी सीलबद्दल एक प्रश्न विचारला नाही. साहेबांना उलटतपासात एवढंच, डिसेंबरात दिवस कधी मावळतो? सहाच्या सुमारास. वॉरंट होतं? नाही. वॉरंट आणत बसलो तर माल नाहीतर आरोपी हातचा जाईल असं का वाटलं, ते आत शिरण्याआधी कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम ४२ ला सूर्यास्तानंतर ते लागतंच. सरकारी वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा पूरनमल (१९७४) निकाल काढला, झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही म्हणून. समोरून सुप्रीम कोर्टाचाच कर्नेल सिंग (२००९) आला, उशीर एकवेळ समजून घेऊ, पण पालनच नाही हे चालणार नाही. तिथेच केस गेली. तेच पोतं रस्त्यावर रिक्षात धरलं असतं तर सार्वजनिक जागेचं कलम ४३, मग हा प्रश्नच नव्हता.

सगळे साहेबांना नावं ठेवतायत, पण कागद लिहायला मी होतो आणि लागत होत्या दोन ओळी. जज चुकले असं पण मला म्हणता येत नाही, रात्री कुणाच्या घरात शिरायचं तर का ते आधी लिहा, एवढंच कायदा मागतो. मला खातंय ते वेगळंच. खबर पावणेपाचची, कोर्ट तेव्हा चालू होतं, आणि ते सीबीएस बसस्टँडजवळ, पंचवटीपासून काय लांब आहे. समजा मी लिहिलं असतं की वॉरंटला वेळ नव्हता, तर ते खरं होतं का? पंच शोधण्यात गेलेले दोन तास त्यात धरायचे की नाही?