आकडा लहान, विभाग खालचा

बेल्जियममध्ये हौशी फुटबॉल बघायचा तर मैदान निवडायचं कसं, हाच पहिला पेच. व्यावसायिक विभागांच्या खाली राष्ट्रीय हौशी विभाग, त्याखाली प्रत्येक प्रांताच्या आणखी काही पायऱ्या. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला कुठल्याही दिशेला निघा, सामना सापडतोच. मी ल्युव्हेनला राहतो आणि माझी कसोटी साधी आहे. क्लबचा नोंदणी क्रमांक बघायचा. डच बोलणारे त्याला स्टामनुमर म्हणतात, फ्रेंच बोलणारे मात्रिक्युल. १९२६मध्ये महासंघाने हे क्रमांक ज्येष्ठतेनुसार वाटले. अँटवर्पला १, क्लब ब्रुगेला ३. म्हणजे लहान आकड्याचा क्लब खालच्या विभागात दिसला की समजायचं, या घराने कधीकाळी वैभव बघितलंय.

मेखेलेनमध्ये २४ आणि २५ हे दोन्ही क्रमांक शेजारी-शेजारी नांदतात. २५वाल्या केव्ही मेखेलेनने १९८८मध्ये नेदरलँड्सच्या अयाक्सला हरवून युरोपचा कप विनर्स कप आणला, त्यामुळे पाहुण्याला सगळे तिकडेच पाठवतात. मी २४कडे गेलो. हा रेसिंग मेखेलेन, १९५२चा लीग उपविजेता, १९५४ला कपच्या अंतिम सामन्यात हरलेला. हजारोंसाठी बांधलेल्या पायऱ्या आणि त्यांवर विखुरलेली हिरव्या-पांढऱ्या मफलरमधली म्हातारी मंडळी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचे सामने बघत वाढलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकराला ती शांतता आधी खटकली. नंतर लक्षात आलं, शांतता फक्त मैदानात आहे. मध्यंतराची शिट्टी झाली की अख्खी गर्दी कँटीनमध्ये घुसते आणि मग आवाज बघा!

कँटीनची रीत आधी माहीत असलेली बरी. बऱ्याच ठिकाणी बारवर पैसे चालत नाहीत. आधी वेगळ्या टेबलावर कुपनं घ्यायची, मग बिअर किंवा सूप. फाटकावरच्या तिकिटासाठी थोडे सुटे युरो खिशात ठेवावेत. आणखी खाली, प्रांतिक विभागांत उतरलात तर लाइन्समनकडे लक्ष द्या. तिथे अनेकदा दोन्ही क्लब आपापला माणूस झेंडा देऊन उभा करतात. त्याने आपल्याच संघाविरुद्ध ऑफसाइड दिला की मागच्या कठड्यावरून जे ऐकू येतं, ते समजायला भाषा यायची गरज नाही.

सगळ्यात जास्त रमलो ते लिएजमध्ये. आरएफसी लिएजचा क्रमांक ४, आणि १८९६मध्ये बेल्जियमचा पहिला विजेता हाच. जगाला मात्र हा क्लब ठाऊक आहे तो एका खटल्यामुळे. १९९०मध्ये ज्याँ-मार्क बॉसमनचा इथला करार संपला, त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं, आणि व्यवहार क्लबने मागितलेल्या बदलीच्या रकमेवर अडला. डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमनच्या बाजूने निकाल दिला, करार संपलेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागता येईना आणि खेळाडूंचा सगळा बाजारच बदलला. तोवर शहराच्या रोकूर भागातलं क्लबचं जुनं मैदानही गेलं होतं. त्या जागेवर आज सिनेमागृहं आहेत. पुढची वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर काढून २०१५ला क्लब रोकूरमध्येच एका छोट्या मैदानावर परतला. मी गेलो तेव्हा ते अजून हौशी विभागात होते. २०२३मध्ये ते दुसऱ्या विभागात चढले.

ही कसोटी कधीकधी फसवते, हेही सांगतो. क्लब बुडाला की क्रमांकही रद्द होतो. चार वेळा देशाचा विजेता झालेल्या लिअर्सचा ३० क्रमांक २०१८च्या दिवाळखोरीत असाच गेला. मग पुन्हा उभं राहायला कुणीतरी दुसऱ्याचा क्रमांक घेतो. ब्रुसेल्सचा आरडब्ल्यूडीएम हा क्लब २०१५मध्ये वेटेरन गावच्या क्लबचा ५४७९ घेऊन परत आला. आकड्यावरून त्यांची परंपरा कळणं शक्यच नाही.

खरी डोकेदुखी हवामानाची. हिवाळ्यात मैदान गोठलं किंवा चिखल झाला की सामना सकाळी रद्द होतो, कधी अख्ख्या प्रांताचे सामने एकदम. म्हणून निघण्याआधी महासंघाचं अ‍ॅप बघायचं आणि जवळपास कृत्रिम गवताचं एखादं मैदान हाताशी ठेवायचं. ती मैदानं मला मुळीच आवडत नाहीत, सगळी सारखीच दिसतात, पण निदान फेरी फुकट जात नाही. रविवारी खेड्यातल्या बसवर भिस्त ठेवू नये. मी ट्रेनमध्ये सायकल घेतो.

ब्रुसेल्सचाच युनियन सां-जिलवाज, क्रमांक १०, मात्र माझ्या हातून निसटला. २०१५पर्यंत तो तिसऱ्या विभागात होता आणि २०२५मध्ये नव्वद वर्षांनी देशाचा विजेता झाला. मी बेल्जियमला आलो तोवर तिथे तिकीट आधी काढून ठेवायची वेळ आली होती.

आता पुढच्या रविवारी बर्खेम स्पोर्ट, क्रमांक २८. १९४९, १९५०, १९५१, तिन्ही वर्षी लीगमध्ये दुसरे. मैदान अँटवर्प-बर्खेम स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, तेव्हा सायकल घरीच. सामना रद्द झाला नाही म्हणजे मिळवली.