नवीन क्लबमधली पहिली मॅच

सतरा वर्षं एकाच फुटबॉल क्लबचा गोलकीपर होतो आणि ४१व्या वर्षी क्लब बदलला. तिथं तरुण कीपर आला, मला दुसऱ्यांनी बोलावलं, भांडण वगैरे काही नाही. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीतली पहिली शिफ्ट करून संध्याकाळी लेले ग्राउंडवर प्रॅक्टिसला जायचो, दोन आठवडे सगळं बरं चाललं होतं.

पहिली मॅच खानापूरकडं. जुलैचा पाऊस, लाल चिखल, बॉल उसळायचाच नाही, नुसता घसरायचा. पंधराव्या मिनिटाला उजवीकडनं उंच क्रॉस आला, सहा यार्डाच्या आत, म्हणजे माझाच बॉल, मी नेहमीसारखा "सोड, माझा!" ओरडत बाहेर आलो. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, पोरगा गोकाकचा, घरात कन्नड, शाळा कन्नड, समोर बसून बोललं तर मराठी कळतं त्याला, खरं पळताना पाठीमागनं आलेलं कसं कळणार? तोही हेडला उडाला, डोकं माझ्या मनगटावर आदळलं, बॉल सुटला आणि त्यांच्या फॉरवर्डनं रिकाम्या गोलात ढकलला. पोरगा चिखलातच बसला, रडायच्या बेतात. त्याची चूक नव्हती, हे मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं.

गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, कुठलाच कीपर एकटा तो झाकत नाही, आपल्या चार डिफेंडरना हलवत राहायचं आणि ते सगळं ओरडून. जुन्या क्लबात मी नुसतं "ए" म्हटलं की लेफ्ट बॅक आत सरकायचा. इटलीचा कीपर बुफॉन २०१८ साली चाळिशीत युव्हेंटस सोडून पॅरिसला गेला तेव्हा मी त्याचे सेव्ह बघत बसायचो, आता वाटतं की नवीन बॅकलाइनशी तो बोलतो कसा ते बघायला पाहिजे होतं.

हाफटाइमला पोरग्याला जवळ बसवलं.

"सॉरी, अण्णा."

"ऱ्हाऊ दे ते. तुमच्यात माझा बॉल म्हणायचं असलं तर काय म्हणता?"

"नंदू."

"आणि सोड?"

"बिडू. मागं बघ म्हणजे हिंद नोडू."

लेफ्टचे दोघं वडगावचे, मराठी. त्यांनाही सांगितलं, आजपासून हेच तीन शब्द, सगळ्यांना.

सेकंड हाफला आमचा एक गोल झाला, १-१. शेवटची दहा मिनिटं त्यांनी क्रॉसवर क्रॉस टाकले. एक अगदी तसाच आला, उजवीकडनं, उंच, मी "नंदू! बिडू!" म्हणून जीव खाऊन ओरडलो आणि तो पोरगा उडालाच नाही, अंग चोरून फॉरवर्डच्या आडवा उभा राहिला. बॉल छातीशी घेऊन पडलो. मनगट ठणकत होतं म्हणून जरा पडूनच राहिलो, तर रेफरीचा हात वर, बोटं मोजायला लागला. २०२५च्या जुलैपासून कीपरनं आठ सेकंदांवर बॉल धरला की समोरच्यांना कॉर्नर, पूर्वीचा सहा सेकंदांचा नियम क्वचितच कोण लावायचं. माझ्या लक्षातच नव्हतं.

"अण्णा, मार! मार लौकर!"

तोच पोरगा, मराठीत. उठून लांब किक मारली, मॅच १-१ सुटली.

परत येताना टेम्पोत माझ्या मनगटाला क्रेप बँडेज त्यानंच बांधलं. पुढच्या प्रॅक्टिसला पहिला अर्धा तास फक्त क्रॉस घेतले, आणि ओरडायचं सगळ्यांनी.