नऊ टन ओला माल

शुक्रवार, रात्री

मागच्या खोल्यांवरचा स्लॅब आज ओतून झाला. सकाळी आईने मिक्सरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दुपारी जेवणाच्या आत सगळं उरकलं. गल्लीतले लोक बघून गेले, मिस्त्रींना शाबासकी मिळाली. मला विचाराल तर खरं काम आधीच झालं होतं, सेंट्रिंगवाल्याच्या, म्हणजे ओल्या स्लॅबखाली लोखंडी प्लेटांचा साचा आणि टेकू उभारणाऱ्याच्या हातून. त्याला कुणी पेढा दिला नाही.

20 बाय 15 फूट, जाडी 5 इंच. साडेतीन घनमीटर माल, म्हणजे काँक्रीट, बीम वेगळे. घनमीटरला अडीच टन धरले तर जवळपास नऊ टन, आणि माल घट्ट होईपर्यंत ते सगळं प्लेटा आणि टेकूंवर. म्हणूनच तो प्रत्येक टेकूखाली फळी सारत होता, पाचर ठोकत होता, पुन्हा पुन्हा लेव्हल ट्यूब धरत होता. प्लेटांच्या फटींना चिकटपट्टी, कारण तिथून सिमेंटचं पाणी गळालं की खालून नुसती खडी दिसते. सळई प्लेटेपासून उचलून धरणारे 20 मिलिमीटरचे ठोकळे, कव्हर ब्लॉक, माणसांच्या पायांनी सरकतात. ते सकाळी मीच वाकून परत बसवले. कंबर अजून बोलतेय.

वाजलं ते पाण्यावरून. एम 20 ताकदीचा माल, 50 किलोच्या गोणीला पाणी 30 लिटरच्या आत हवं. मिक्सरवरचा पोरगा पाइप सोडून मोकळा! "दादा, पातळ असला की माल पळतो." पळतो, खरंय. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की आत पोकळ्या राहतात आणि ताकद जाते. शेवटी मीच बादली मोजून द्यायला उभा राहिलो. पोरगा धुसफुसत राहिला. मिस्त्री गालात हसले, मालातली हवा काढणारा व्हायब्रेटर मात्र त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला.

उद्या आळी करून पाणी भरायचं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं, आणि हे असलं ऊन, त्यामुळे 14 दिवस तरी सुटका नाही.

निघताना सेंट्रिंगवाला म्हणाला, "आठव्या दिवशी खोलतो, पुढची साइट थांबलीय." आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 4.5 मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस, त्यापुढे 14. आमचा 15 फूट, म्हणजे 4.57 मीटर.

"सात सेंटिमीटरसाठी आठवडा?"

बीमच्या बाजूच्या प्लेटा परवा ने, म्हटलं, बाकीच्याचं वाढीव भाडं मी देतो. आगाऊ मागितलं त्याने. दिलं.