सिएटल ते सॅन होजे: सशाला घेऊन विमानप्रवास

सशाच्या प्रवासाची सगळी आखणी त्याच्या पोटाभोवती करावी लागते. ससा दिवसभर थोडंथोडं चरणारा प्राणी. गवत आत जात राहिलं तरच आतडं हलतं. घाबरून खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. दहा-बारा तास ना खाणं ना लेंड्या, अशी वेळ आली तर थेट डॉक्टर गाठावा लागतो. सिएटलहून सॅन होजेचं उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचं, पण घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत सहा-सात तास सहज जातात. तेवढा वेळ ससा खात कसा राहील, हा या वृत्तांताचा विषय.

आधी विमान कंपनीचं बघू. अमेरिकेत ‘पेट्स अलाउड’ एवढंच वाचून तिकीट काढू नका. युनायटेड, अमेरिकन आणि साउथवेस्ट केबिनमध्ये फक्त कुत्रा-मांजर घेतात, डेल्टा त्यात घरगुती पक्षी धरते. ससा चालतो तो अलास्का एअरलाइन्सवर आणि देशांतर्गत मार्गांवर फ्रंटिअरवर. सिएटलहून थेट उड्डाण हवं म्हणून इथे अलास्का निवडली. केबिनमधल्या प्राण्याचे एका बाजूचे १०० डॉलर पडतात आणि कॅरिअर, म्हणजे प्राणी नेण्याची बंद पिशवी किंवा पेटी, हातातल्या सामानात मोजला जातो. एका विमानात ठरावीकच प्राणी घेतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून त्या उड्डाणावर जागा आहे का ते विचारा आणि तिकीट हातात आलं की लगेच प्राण्याची नोंद करून घ्या. जोडीचे दोन ससे असतील आणि दोघं एका कॅरिअरमध्ये नीट मावत असतील तर एकत्र नेता येतात. जोडी असेल तर एकत्रच न्यावी, एकमेकांना टेकून बसले की दोघंही लवकर शांत होतात.

भावनिक आधाराच्या प्राण्याचं पत्र दाखवून पूर्वी पाळीव प्राणी विमानात नेता येई, ते आता उपयोगाचं नाही. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार विमानात सेवा-प्राणी म्हणून फक्त प्रशिक्षित कुत्रा धरला जातो. तसं पत्र विकणारी संकेतस्थळं अजून आहेत, त्यांना पैसे देऊ नका.

सामानाच्या कप्प्यातूनही अलास्का ससा नेते, पण परवानगी आहे म्हणून तो पर्याय घेऊ नये. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि २७-२८ अंश सेल्सिअसच्या वर त्याला उष्णतेचा त्रास सुरू होतो. विमानाजवळ उभ्या सामानाच्या गाडीत अर्धा तास, शेजारी भुंकणारा कुत्रा, आणि तो खातोय की नाही हे बघायला कोणी नाही. केबिनमध्ये जागा नसेल तर तारीख बदला.

तयारी किमान सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवी, आणि त्याचं कारण लस आहे. आरएचडीव्ही-२ हा सशांचा जीवघेणा विषाणू वॉशिंग्टन राज्यात २०१९ मध्ये ऑर्कस बेटावर सापडला आणि मे २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पोचला. तो रानटी सशांनाही होतो, बूट-कपडे-गवतावरून पसरतो, आणि आजार दिसायच्या आत ससा दगावू शकतो. अमेरिकेत मिळणाऱ्या लशीचे पहिल्या वर्षी तीन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दर वर्षी एक असतो. दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवसांनी संरक्षण पुरतं धरतात. म्हणजे पहिल्या टोचणीपासून पाच आठवडे तिथेच गेले. केबिनसाठी अलास्का आरोग्य प्रमाणपत्र मागत नाही, पण ज्या राज्यात जाताय ते राज्य मागू शकतं. या विषाणूमुळे सशांचे नियम मधूनमधून बदलतात. तेव्हा तिकीट काढतानाच कॅलिफोर्नियाच्या पशुवैद्यक खात्याला फोन करा आणि तपासणीची वेळ उड्डाणाआधीच्या दहा दिवसांत घ्या. नेहमीचा कुत्रा-मांजराचा डॉक्टर इथे पुरत नाही, ‘एग्झॉटिक’, म्हणजे ससे-पक्षी अशा वेगळ्या पाळीव प्राण्यांचा डॉक्टरच लागतो. गुंगीचं औषध विमानप्रवासासाठी देऊ नये. श्वास आणि रक्तदाब मंदावतात आणि आतडंही झोपतं.

कॅरिअर मऊ कापडी घ्या. अलास्काचं माप १७ × ११ × ९.५ इंच, कडक प्लास्टिकचा असेल तर उंची ७.५ इंचच, आणि तेवढ्यात सशाला मान वर करता येत नाही. दोन किलोच्या आसपासचा ससा मऊ कॅरिअरमध्ये वळू शकतो, साडेतीन किलोच्या सशासाठी हा प्रवासच जुळत नाही. वरून आणि समोरून, दोन्हीकडून उघडणारा हवा. समोरच्या दारातून घाबरलेला ससा ओढून काढता येत नाही, वरून दोन्ही हातांनी उचलता येतो. चेनच्या टोकाला छोटी कडी अडकवा, कारण ससे दातांनी चेन सरकवतात. जाळी कुरतडणारा ससा असेल तर आतून दुसरी जाळी शिवून घ्या.

तळाशी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते शोषक पॅड मापाने कापा, कडा खाली दुमडा आणि वर फ्लीसचा, म्हणजे मऊ लोकरी कापडाचा, तुकडा घट्ट बसवा. पॅड उघडं राहिलं तर ससा ते फाडून खातो, आणि आतली जेल पोटात जाता कामा नये. टॉवेल घालू नका, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. एका कोपऱ्यात टिमथी या सशांच्या नेहमीच्या वाळक्या गवताची भरगच्च मूठ. ही मूठ कॅरिअर निवडताना मापात धरलेली असली पाहिजे, नाहीतर ससा गवतावर बसतो, लघवी करतो आणि मग त्याला तोंड लावत नाही.

कॅरिअर तीन-चार आठवडे घरात दार उघडं ठेवून पडू द्या आणि रोजची कोथिंबीर त्यातच द्या. मग दार लावून गाडीतून फेऱ्या, आधी दहा मिनिटं, मग तासभर. प्रत्येक फेरीनंतर दोन गोष्टी बघा: आत असताना गवत खाल्लं का, आणि घरी आल्यावर तासाभरात लेंड्या झाल्या का. तासाच्या फेरीत गवताला तोंड न लावणारा ससा विमानात लावेल अशी आशा धरू नका. त्याला अजून सवय हवी, किंवा घरी राहून सांभाळणारा माणूस हवा.

ससे पहाटे आणि संध्याकाळी जागे असतात, दुपारी सुस्त. म्हणून अकरा ते दोनच्या दरम्यानचं उड्डाण बरं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सॅन होजेचं दुपारचं ऊन टाळायला सकाळचं घ्या. उपाशी ठेवून न्यायचा प्रकार सशाला लागू नाही: त्याला उलटी होत नाही, आणि रिकामं पोट हाच धोका आहे. त्या सकाळी नेहमीचं सगळं द्या, नवं काही देऊ नका.

सी-टॅकला, म्हणजे सिएटलच्या विमानतळावर, दोन तास आधी पोचा. प्राण्याचे पैसे काउंटरवर भरायचे असतात. तिथे कॅरिअर बघतात आणि चिठ्ठी बांधतात. सुरक्षा तपासणीसाठी विमानतळाच्या ‘स्पॉट सेव्हर’ या सोयीवर आधीच मोफत वेळ घेता येते. ती घ्याच, गर्दीच्या रांगेत चाळीस मिनिटं उभं राहणं सशाला महागात पडतं.

तपासणी हा सगळ्यात नाजूक टप्पा. कॅरिअर रिकामा होऊन क्ष-किरण यंत्रातून जातो आणि ससा तुमच्या हातात धातुशोधक चौकटीतून. कॅरिअर पट्ट्यावर ठेवण्याआधीच अधिकाऱ्याला सांगा: आत ससा आहे, बंद खोलीत तपासणी हवी. ती मागता येते. थोडा वेळ जातो, पण दार बंद असतं, आणि उडी मारली तरी ससा खोलीतच राहतो. उघड्यावर करायची वेळ आली तर बूट, पट्टा, फोन सगळं आधी ट्रेमध्ये टाकून हात मोकळे करा आणि ससा शेवटी काढा. एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय अधांतरी लोंबता कामा नयेत. त्या पायांत इतका जोर असतो की हवेत लाथ झाडताना त्याचाच मणका मोडू शकतो. तोंड तुमच्या कोपराच्या खाचेत खुपसू द्या. डोळे झाकले की तो गप्प होतो. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला आणि नखं दोन दिवस आधी कापा. बाहेर आल्यावर तुमच्या तळहातांवरून कापडी पट्टी फिरवतात, त्यासाठी ससा एका हाताने छातीशी धरण्याचा सराव घरी झालेला असावा.

पाण्याची बाटली रिकामी नेऊन आत भरा. गवत, भाजी, सशाच्या तयार खाद्याचे दाणे यांना अडवत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली ‘क्रिटिकल केअर’ची पूड (न खाणाऱ्या सशाला पाण्यात कालवून भरवतात ती) बरोबर असेल तर लहान पाकीट घ्या, ३५० मिलिलिटरच्या वर पूड असली की वेगळी तपासणी होऊ शकते.

एन गेट असेल तर जमिनीखालची ट्रेन घ्यावी लागते. ती दणदणते, तेव्हा कॅरिअर जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा छातीशी धरा. गेटजवळ कुत्र्यांपासून लांब, भिंतीकडची खुर्ची पकडा. प्राण्यांच्या शौचासाठीच्या खोलीत ससा नेऊ नका, तिथे सगळा कुत्र्यांचा वास असतो आणि सशाला तिची गरज नसते.

विमानात आपत्कालीन दाराजवळची आणि पुढच्या भिंतीलगतची रांग चालत नाही. पंखाच्या पुढची जागा मिळाली तर घ्या, इंजिनाचा आवाज कमी येतो. कॅरिअर पुढच्या सीटखाली असा ठेवा की जाळीची एक बाजू तुमच्याकडे राहील. वर पातळ कापड टाका, पण दोन बाजू मोकळ्या सोडा. विमान सुटताना बहुतेक ससे अंग चोरून, कान पाठीला चिकटवून बसतात. ते चालतं. उंची गाठल्यावर धुतलेली, ओली कोथिंबीर किंवा रोमेन लेट्यूसचं पान द्या. वाटीतलं पाणी सांडतं आणि भिजलेला ससा गारठतो, ओल्या पानातून पाणी आपोआप जातं. उतरायला सुरुवात झाली की पुन्हा पान. कॅरिअर प्रवासभर बंदच ठेवायचा असतो, तेव्हा पान आत सरकवण्यापुरती चेन दोन बोटं उघडायला कर्मचाऱ्यांना आधी विचारा. मिटल्या तोंडाने, नाक हलवत श्वास घेणं ठीक. तोंड उघडून धापा टाकणं ही गंभीर खूण, लगेच कर्मचाऱ्यांना बोलवा, कापड काढा आणि वरची हवेची कळ त्याच्याकडे वळवा.

सॅन होजेला बाहेर पडण्याआधी, गाडीत बसवण्याआधी, कान हाताने बघा. गरम तापलेले असतील तर ओल्या फडक्याने कान पुसा, बर्फाचं पाणी नको. उन्हाळ्यात गाडी आधी थंड करून मग ससा आत.

मुक्कामी पोचल्यावर एक छोटी खोली, घरचा न धुतलेला फ्लीस, त्याची नेहमीची शौचाची ट्रे (घरचं थोडं वापरलेलं गवत पिशवीत आणून तिच्यात टाका), आणि गवताचा ढीग. सशाला बाहेर काढू नका, कॅरिअरचं दार उघडून बाजूला व्हा. पहिल्या तासात खाणं आणि चार तासांत लेंड्या दिसायला हव्यात. लेंड्या लहान, सुक्या किंवा माळेसारख्या जोडलेल्या आल्या तर गवत आणि पाणी वाढवा, दाणे थांबवा. अजिबात नाहीत, ससा पोट जमिनीला दाबून बसलाय, दात करकरवतोय, कान गार पडलेत, तर रात्र काढू नका. ‘क्रिटिकल केअर’ची एक भाग पूड दोन भाग कोमट पाण्यात कालवून सिरिंजने देतात, पण पोट फुगून कडक झालं असेल तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा भरवण्याने जीव जाऊ शकतो, आधी डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच रात्री सशाला घेणारं रुग्णालय निघण्याआधीच शोधून, फोन करून खात्री केलेलं असावं. हाउस रॅबिट सोसायटी या सशांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत सशांचे डॉक्टर सापडतात.

तिथल्या अंगणातलं गवत देऊ नका आणि हिरवळीवर सोडू नका. लस झाली असली तरी रानसशांचा वावर असलेल्या जागा टाळाव्यात. घरात येताना बूट दाराबाहेर.

सिएटलला परतण्यासाठीच्या आरोग्य प्रमाणपत्राचं सॅन होजेलाच बघून ठेवा. मुक्काम लांबला तर निघतानाच्या प्रमाणपत्राची मुदत उलटलेली असू शकते, आणि सशाच्या डॉक्टरची वेळ दोन दिवसांत मिळत नाही.